पुरा झालेला एकच संकल्प

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला, उजव्या बाजूला वरच्या अंगाला बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "काकू, टीबी आहे. आणि शुगर तीनशेच्या पुढे आहे. दोन्ही एकदमच सापडलं. घाबरू नका, दोन्हीला औषध आहे." मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

मी सांगत गेले. मालक म्हणजे माझे यजमान, मुलगा अमोल, सून प्रियांका. पुढचं नाव घ्यायच्या आधीच माझी जीभ अडली. इशू, माझी नात, दोन वर्षांची. थंडीत खिडकी गच्च लावून एका वाकळेत माझ्या कुशीत झोपणारी.

टीबी ऐकून मी फारशी घाबरले नव्हते, हे खरं सांगते. घाबरले ती या प्रश्नाने.

डिसेंबर संपत आला होता. चारच दिवसांपूर्वी मला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. शाळेच्या दाखल्यावर आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखा माझाही जन्म एक जूनचा आहे, पण खरा वाढदिवस नाताळाच्या दुसऱ्या दिवशी. लहानपणी तो कुणी केला नाही. अमोल कमावता झाला आणि केक आणू लागला, तेव्हापासून मलाही हौस वाटू लागली. त्याच आठवड्यात कंपनी आम्हा सुपरवायझरना नव्या वर्षाची डायरी देते. वाढदिवसाच्या संध्याकाळी तिच्या पहिल्या पानावर मी चार संकल्प लिहिते. पुरे होवोत न होवोत, लिहिताना बरं वाटतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या कोअर शॉपला आहे. ओतकामात लोखंडाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवतात, ते कोअर. आमच्याकडे हे काम बायकाच करतात आणि मी कोअरची मापं तपासते. त्या बायका मला मावशी म्हणतात.

त्या सरत्या वर्षाचे माझे चार संकल्प होते: मोपेड शिकायची, रागावर ताबा ठेवायचा, महिन्यातून एकदा माहेरी जायचं आणि वजन कमी करायचं. मोपेडवरून पहिल्याच आठवड्यात पडले. रागाचं आणि माहेराचं न विचारलेलं बरं. वजन मात्र आठ किलोंनी उतरलं. काहीही न करता उतरलं, आणि मी त्याचं श्रेय घेत फिरत होते. बायका विचारायच्या, "मावशी, काय करतासा हो?" मी ऐटीत सांगायची, "संध्याकाळचा भात सोडला." आठवड्यातून दोनदा सोडला असेल, नसेल.

खोकला दिवाळीत सुरू झाला. फौंड्रीत एक जुना रिवाज आहे. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने गुळाचा खडा तोंडात टाकायचा. धूळ गुळाबरोबर पोटात उतरते, छातीत बसत नाही, असं सगळे मानतात. खोकला वाढला तसा मी एकाचे दोन खडे केले, मग तीन. तहान लागायची, तर भट्टीची उष्णता. थकवा यायचा, तर पन्नाशी. रात्री घाम यायचा, तर पाळी जायचं वय. कोल्हापूरचा गूळ आणि माझी अक्कल, दोन्हींवर माझा पूर्ण विश्वास होता. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे उत्तर तयार होतं, म्हणून दवाखान्यात जायची वेळच आली नाही.

वाढदिवसाला इशूला मांडीवर घेऊन मी मेणबत्ती फुंकली. पहिल्या फुंकरीत ती विझली नाही. दुसऱ्या फुंकरीला असा खोकला आला की थांबेना. सगळे हसले, मीही हसले. मेणबत्ती अखेर इशूनेच विझवली. मोरीत जाऊन पदर बघितला तर त्यावर रक्ताची बारीक रेघ होती. मी पदर धुतला आणि बाहेर येऊन सगळ्यांना केक वाढला. त्यानंतर नव्या डायरीत पहिला संकल्प लिहिला, "आणखी पाच किलो कमी करणे." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन दिवसांनी मालकच म्हणाले, "त्वांड बघ की आरशात. उद्या दवाखान्यात जायाचं. कामाचं नाव काढायचं न्हाय."

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला. थुंकीची सीबीनॅट झाली. या तपासणीत थुंकी एका यंत्रात घालतात. जंतू आहे का आणि नेहमीचं औषध त्याला लागू पडेल का, हे दोन्ही काही तासांत कळतं. रक्ताची एचबीएवनसी केली, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की साखर वाढली की अंगातली ताकद कमी होते आणि टीबीच्या जंतूला मोकळं रान मिळतं. गुळाचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "रोज किती खडे?" मी खरा आकडा सांगितला नाही.

"केकवर खोकले होते मी," मी म्हणाले. "पोरीने खाल्ला तो."

"केकने काही होत नाही," त्या म्हणाल्या. "ताटातून, पाण्यातून हा आजार पसरत नाही. हवेतून पसरतो. बंद खोलीत रोज शेजारी झोपणं, त्याचा धोका खरा."

केकनेच होत असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. केक एका संध्याकाळचा होता. वाकळेतली झोप दोन महिन्यांची होती.

घरी सांगितलं. प्रियांकाने इशूला उचललं आणि आतल्या खोलीत गेली. तिने भांडायला हवं होतं. माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं, खिडक्या उघड्या आणि तोंडाला मास्क.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी इशूचा एक्स-रे काढला आणि मांटू टेस्ट झाली. हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे गाठ किती आली ते मोजतात. दहा मिलिमीटरच्या पुढे गेली की जंतू शरीरात शिरला असं धरतात. म्हणजे निकाल दोन जानेवारीला. लहान पोरीचं नवीन वर्ष माझ्यामुळे असं सुरू होणार होतं.

एकतीसच्या संध्याकाळी गल्लीत गाणी लागली होती. शेजारून मटणाचा वास येत होता. मी उंबऱ्याच्या अलीकडे बसून इशूचा हात दिसतो का ते बघत होते. एक तारखेला तिथे लाली दिसली. दुपारी ती मोठी वाटली, चहाच्या वेळी आणखी मोठी. रोज व्हर्नियर घेऊन कोअरची मापं काढणारी मी, चार हात लांबून एका डागाचं माप डोळ्यांनी काढत होते. आठ असेल. नाही, नऊ. हात वळवला तर अकरा.

"आत्ती," शेवटी प्रियांका बोलली. ती मला आत्ती म्हणते. "सारखं बघू नगा. बघून कमी हुतंय व्हय?"

दोन तारखेला नर्सने इशूच्या हातावर बोट फिरवून गाठीच्या कडांना पेनाने खुणा केल्या आणि पट्टी ठेवली. बारा मिलिमीटर.

डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या, "थांबा, आधी ऐका. जंतू शिरलाय, पण आजार झालेला नाही. हिचा एक्स-रे स्वच्छ आहे. जंतू झोपलाय, तो उठू नये म्हणून सहा महिने रोज गोळी द्यायची. एकही दिवस चुकवायचा नाही."

मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. माझ्याच छातीतून तो तिच्या छातीत गेला होता, याला आता बारा मिलिमीटरचा पुरावा होता. प्रियांका शेजारी येऊन बसली. इशू तिच्या खांद्यावर झोपली होती.

"मीबी दिवाळीपास्नं खोकला ऐकत हुतो," ती समोर बघत म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "मलाबी वाटलं, धूळ हाय. आणि पोरीला मीच तुमच्याकडं टाकत हुतो, मला झोप मिळावी म्हणून. आता रडून काय करतासा? उठा, गोळ्या घ्यायच्यात."

त्या बोलण्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे.

मग सहा महिन्यांची गोष्ट. माझ्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी घाबरून फोन केला. ते औषधाने होतंच, असं कळलं. तुम्हाला झाली तर घाबरू नका. मळमळ महिनाभर होती. साखरेची गोळी वेगळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांच्या खुणा, निळी माझी आणि लाल इशूची. डायरीतल्या "पाच किलो कमी"मधलं "कमी" मी खोडलं आणि तिथे "जास्त" लिहिलं. बाकीचे तीन संकल्प खोडून टाकले. खाली एवढंच लिहिलं की लाल खूण एकही चुकवायची नाही.

कामावर परतले तेव्हा बायकांना सगळं सांगितलं, भाताचं खोटंसुद्धा. त्यातल्या दोघी त्याच आठवड्यात खोकला तपासून आल्या. सुदैवाने काही निघालं नाही. तुम्हालाही तेच सांगते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की तपासा. आणि न मागता वजन उतरलं तर मिरवू नका, कारण शोधा.

दोन महिन्यांनी माझी थुंकी स्वच्छ आली. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मान हलवली. ऐकलं कानांनी, पण आत काही उतरलं नाही. मी बाहेरच्याच खोलीत झोपत राहिले. इशू उंबऱ्यावर उभी राहून हाक मारायची. मी म्हणायची, "आजीला खोकला हाय, बाळा." खोकला तोवर कधीच गेला होता. एखाद्या चुकार जंतूने मला फसवलं तर, हा विचार मात्र जात नव्हता.

जुलैच्या सुरुवातीला दोघींच्या गोळ्या संपल्या. इशूचं वजन चांगलं वाढलं होतं, माझंही सहा किलोंनी. डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. मी धीर करून विचारलं, "आता पोर माझ्याजवळ झोपली तर चालेल का?"

त्या म्हणाल्या, "काकू, मार्चपासून चालत होतं. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मी."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता प्रियांका म्हणाली, "चार म्हैनं पोरगी दारात उभी राहून रडली, आत्ती. मला वाटलं, डॉक्टरनीच नगं म्हटलंय." आजाराने माझे दोन महिने घेतले होते, आणि पुढचे चार मी भीतीला आपणहून दिले होते.

दुपारी तिने इशूला आणून माझ्या अंथरुणावर टाकलं. "धरा. भाकऱ्या टाकायच्यात मला."

इशू लगेच कुशीत आली नाही. जरा लांबच बसून तिने विचारलं, "खोकला गेला?"

"गेला."

तिने थोडा विचार केला, मग माझ्या अंगावर हात टाकून आडवी झाली आणि झोपून गेली. सवयीने माझं तोंड भिंतीकडे होतं, श्वास मी अडवूनच घेत होते. बराच वेळ तशीच पडून राहिले. मग मी तोंड तिच्याकडे वळवलं.