बाईंच्या छातीतलं आतडं

टायपिंगच्या बाई जिना चढताना मध्येच थांबायच्या, ते काही सत्तरी ओलांडली म्हणून नव्हे. लहानपणीही त्या अशाच थांबायच्या. "आळशी आहे कार्टी," असं आई म्हणायची. नवरा होता तोवर तो हसून म्हणायचा, "तुझ्या छातीत कुणीतरी चहा उकळतंय." डॉक्टरांनी दमा ठरवून टाकला होता. तोंडात पंप मारत बाईंनी कितीतरी पोरींची बोटं टाइपरायटरवर पळवली.

एका दुपारी जेवण उरकलं आणि छातीत अशी कळ आली की सून त्यांना तडक हॉस्पिटलात घेऊन गेली. हृदय ठणठणीत निघालं. मग तरुण सर्जनबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्या चमकल्याच. "अहो, छातीत आतडं गुरगुरतंय!"

स्कॅनमध्ये सगळं उघड झालं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला जन्मापासूनच भोक होतं. त्यातून आतडं वर घुसलं होतं आणि डावं फुप्फुस बिचारं चेपून गेलं होतं.

"म्हणजे मी आळशी नव्हते!" बाई पलंगावर ताडकन उठून बसल्या. "आई असती ना, तर हा फोटो तिच्या नाकासमोर नाचवला असता!"

मुलाचा मात्र चेहरा उतरला. "या वयात ऑपरेशन? इतकी वर्षं निघालीच ना, आई?"

"निघाली कसली, मी ढकलली!"

सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. धोका आहे, पण आतडं तिथे पिळलं गेलं, तर घाईत करावं लागणारं ऑपरेशन याहून वाईट. सून नवऱ्याला म्हणाली, "शरीर आईंचं आहे. त्यांना ठरवू दे." बाईंचं तर कधीच ठरलं होतं.

दुर्बिणीतून आतडं अलगद खाली ओढलं, भोक शिवलं, वर जाळी बसवली. बाहेर मुलाने बाकावर बसून नखं कुरतडून संपवली.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी हळूच श्वास घेतला. तो आत जातच राहिला. "अगं, अजून जातोय!" त्या सुनेला म्हणाल्या आणि हसल्या. टाके दुखले, तरी हसतच राहिल्या.

जखमा भरल्या, सर्जनबाईंनी होकार दिला, तशा बाई थेट पोहायला शिकायला गेल्या. पहिल्याच दिवशी डोकं पाण्याखाली घातलं ते बाहेर काढीचनात. शिकवणारी घाबरून ओरडली, "आजी, वर या!"

बाई वर आल्या, लालबुंद, खूश. "ओरडतेस काय? आत्ता कुठे मजा येत होती!"