नरहरीने भात सोडला

सायकलला हात लावण्याआधी नरहरी स्वतःच्या मांड्या चाचपायचा. पॅन्टच्या खिशात उकडलेली अंडी ठेवायचा; कधीकधी विसरून त्यांच्यावर बसायचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याकडे चोरावर पाळत ठेवावी तसा बघायचा. चढ लागला की देवाजीला शिव्या द्यायचा, देवाजी जवळपास नसला तरी.

देवाजी पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनवर कामाला, नरहरी तिथल्याच स्टोअरमधला कारकून. दोघेही भिलाईच्या एका सायकल क्लबात. चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये शर्यत होती: राजनांदगावला जाऊन परत, ऐंशी किलोमीटर. जिंकणारा जबलपूरच्या मोठ्या शर्यतीला जाणार. चाळिशीनंतर क्लब कोणाला शर्यतीत घेत नसे आणि नरहरीला मे महिन्यात चाळीस वर्षं पुरी होत होती.

लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात त्याने वाचलं, की भात-पोळी सोडली तर शरीर चरबी जाळतं आणि चरबी काही लवकर संपत नाही. दोन महिने त्याने भात, पोळी, बटाटा, साखर सारं बंद केलं.

"सारी भिलाई भात खाऊन पोलाद गाळून राहिली," बायको तारा म्हणाली, "अन् तुमाले सायकल चालवता येत नाही?"

"तुले सायन्स नाही समजत."

"मले तुपाचा डबा समजते. आठ दिवसांत खाली झाला."

शर्यतीत पहिले साठ किलोमीटर मासिक खरं ठरलं. नरहरी एका चालीने देवाजीच्या मागच्या चाकाला चिकटून होता. भूक नाही, धाप नाही. परतताना अंजोरा गावाजवळ देवाजीने मागे वळून पाहिलं.

"येता काय, नरहरीभाऊ?"

आणि तो सुसाट सुटला. नरहरीने जोर लावला. सायकलने काही ऐकलं नाही. चरबी जळत असेल, पण मंद आचेवर.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो सायकल टाकून बांधावर आडवा झाला. शेतात लाखोळीच्या डाळीचं पीक उपटणाऱ्या भागाबाई नावाच्या बाईने डबा पुढे केला. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, वर कांदा.

"बासी खाबे का, बाबू?"

नरहरीने मासिक आठवलं. मग तीन वाडगे खाल्ले आणि तिथेच झोपला. क्लबची जीप त्याला शोधत आली, तेव्हा देवाजीच्या गळ्यात हार पडला होता.

"मी शर्यत सोडली नाही," नरहरी म्हणाला. "उरलेले वीस किलोमीटर पुरे करतो. इथूनच."

पुढच्या रविवारी तो बसच्या टपावर सायकल टाकून अंजोऱ्याला गेला. भागाबाईने पुन्हा डबा उघडला. नरहरी जेवला आणि बांधावर झोपला. संध्याकाळी सायकल पुन्हा टपावर चढली. नंतरचे तीन रविवारही असेच गेले. मे उजाडला. वीस किलोमीटर तसेच राहिले.