मालूताईंच्या तारेवरची शिंजीर

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं, वाकड्या चोचीचं, फुलातला मध पिणारं पाखरू. ते यावं म्हणून मी गॅलरीत काय नाही केलं? जास्वंद लावली, लाल टोपणाच्या बाटलीत साखरेचं पाणी भरून टांगलं. आल्या त्या मुंग्या.

शिंजिराची मादी गेली ती शेजारच्या मालूताईंकडे. त्यांच्या गॅलरीत एक वाळकी तुळस, एक मोडका पंखा आणि कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टकं. तिथे कपड्यांच्या तारेवर तिने घरटं विणायला घेतलं. मालूताई म्हणाल्या, "अगं, मी काहीच केलं नाही. आपली आपण आली."

हेच मला जास्त झोंबलं. काही माणसांकडे सगळं असं आपण होऊन येतं. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखं येतं आणि राहतं. आणि आम्ही मात्र दर रविवारी झाडू घेऊन वाट बघत उभे.

मग कुणीतरी सांगितलं की घरटं विणायला तिला कोळ्याचं जाळं लागतं. मी आठवडाभर छताच्या एका कोपऱ्याला झाडू लावला नाही. नवऱ्याने विचारलं, "तुला बरं नाहीये का?"

आज सकाळी ती आली. साखरेच्या पाण्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझं जाळं चोचीत अलगद गुंडाळलं आणि गेली थेट मालूताईंच्या तारेवर.

मी रागाने झाडू उचलला. कोपऱ्यात अजून अर्धं जाळं शिल्लक होतं. झाडू परत जागेवर ठेवला.