पाखऱ्याला पसंत पडेल ती गाडी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतला माणूस एकवेळ सोयरीक कोणाला न विचारता जमवील, पण पिकअप घ्यायची झाली तर माझ्या थोरल्या साडूंना बरोबर नेल्याशिवाय शोरूमची पायरी चढणार नाही. महाळुंगे पडवळला त्यांच्या ओट्यावर रविवारी बसलेली माणसं पाहून नवख्याला वाटतं, इथे एखादा नावाजलेला हाडवैद्य राहत असावा. कोणाला टोमॅटो नारायणगावला पोचवायचे असतात, कोणाला मागे पाण्याचा टँकर जोडायचा असतो, आणि एखाद्याला नुसतं भावकीत कोणीतरी घेतली म्हणून घ्यायची असते. साडू सगळ्यांचं ऐकून घेतात, तंबाखू मळतात आणि विचारतात, "वाहायचंय का वढायचंय?" वाहणारी गाडी वेगळी आणि ओढणारी वेगळी, हा त्यांचा लाडका सिद्धान्त. पाठीवर कांद्याचा डोंगर घेऊन मुकाट चालणारी गाडी मागे ट्रॉली जोडली की मान टाकते, आणि चिखलातला ट्रॅक्टर उपसून काढणारी गाडी टोमॅटोचा पार रस्सा करून बाजारात पोचवते, असं ते सांगतात. खुद्द साडूंकडे मात्र एक सायकल आहे. तिचीही चेन पडते.

गाडी पाहण्याची त्यांची रीत सगळी बैलबाजारातली. विक्रेता कागद काढून हॉर्सपॉवर सांगू लागला की साडू हाताने त्याला गप्प करतात. मग गाडीभोवती एक संथ चक्कर, बॉनेटवर थाप, खूर पाहावेत तसं चाकाशी उकिडवं बसून टायर पाहणं, आणि सरतेशेवटी मागच्या हौद्यात चढून धडाधड उड्या मारत खालच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे कान लावणं. मंचरला एकदा एक विक्रेता घाबरून म्हणाला, "काका, उतरा, नवी गाडी आहे!" साडू वरूनच म्हणाले, "दादा, माझ्यासारख्या काटकुळ्याला ही कुरकुरती, कांद्याला काय म्हनंल?" बरोबर आलेलं गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरलं. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर ते मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून बसतात आणि नुसत्या आवाजावरून गाडी सांगतात. "लांब हौद्याची हाय, माल बटाटा हाय, अन् डायवर सकाळधरनं जेवल्याला न्हाई." एकदा तशी एक गाडी खरोखरच टपरीशी थांबली आणि ड्रायव्हरने उतरताच दोन मिसळी मागवल्या. साडूंनी मान वळवून पाहण्याचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आमच्या शिनोलीतल्या एका दहाव्याला तर त्यांनी कमाल केली. वारलेले आबा आणि त्यांचा मुलगा यांचं वर्षभर एकाच गोष्टीवरून वाजत होतं. आबांना मोठ्या हौद्याची गाडी हवी होती, मुलाला छोटी. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून पंख साफ करत होता. भाऊबंदांनी शब्द द्यायला सुरुवात केली. आईला सांभाळू, वाटण्या करणार नाही, बहिणीचं माहेर तोडणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढलं, माणसांच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण खरा कावळा गप्पच. तेव्हा साडू पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, पोराला मोठ्या हौद्याचीच घ्यायला लावतो. बारकी नाय घेऊ देत." कावळ्याने झेप घेतली ती थेट पिंडावर. ती गाडी आजही गावात फिरते आणि तिच्या मागे 'आबांची इच्छा' असं लिहिलेलं आहे.

एवढ्या मुलखात साडूंना न मानणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि त्यांची मंडळी. घरचे टोमॅटो दरसाल भाड्याच्या गाडीने जायचे, गाडीवाला हमखास उशिरा यायचा, आणि आक्का क्रेटवर बसून मला ऐकवायची, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! साऱ्या गावाला गाड्या लावून दिल्या, अन् ह्यांच्या दारात सायकल."

साडू का घेत नव्हते, ते आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. कारण गोठ्यात उभं होतं. पाखऱ्या नावाचा त्यांचा पांढराशुभ्र बैल ऐन उमेदीत डिंगोऱ्याच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीला जुंपला होता, आणि त्या दिवशी तो घाट, म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी, असा काही चढून गेला की साडू गुलालात ओळखू येईनात. परतताना भाड्याच्या गाडीची मागची फळी धक्क्याने उघडली आणि पाखऱ्या रस्त्यावर पडला. पाय बरा झाला, भीती बरी झाली नाही. त्यानंतर तो कुठल्याच गाडीत चढला नाही. "त्याचा घाट त्याला येकदा दाखवायचाय, पावणं," साडू मला म्हणायचे. "मग माझं काय म्हननं न्हाई." पाखऱ्या चढेल तीच गाडी घ्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं; म्हणून लोकांची नवी गाडी पूजेनंतर आधी साडूंच्या अंगणात यायची. फळी उतरवायची, पाखऱ्याला समोर आणायचं, मालकाने श्वास रोखून उभं राहायचं. पाखऱ्या हौदा हुंगायचा, फुरफुरायचा आणि तोंड फिरवून गोठ्याकडे चालू लागायचा. एका मालकाने तर एवढं मनाला लावून घेतलं की दुसऱ्याच दिवशी गाडी बदलून मिळते का, याची चौकशी करून आला. साडू मात्र दरवेळी नवं कारण शोधत. हिचा हौदा उंच, तिचा पत्रा वाजतो, हिला डिझेलचा वास लई. "पुढची बघू," म्हणत.

यंदा पाखऱ्या बसला की त्याला उठायला वेळ लागू लागला. साडूंचं 'पुढची बघू' बंद झालं आणि ओट्यावरच्या माणसांना ते तुटक उत्तरं देऊ लागले. मला ते पाहवत नव्हतं.

आणि डिंगोऱ्याच्या यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी फाटकातून एक जुनी पिकअप आत आली. चालवत होती आक्का! बचत गटाच्या मीटिंगला म्हणून ती मंचरला जायची, ती ड्रायव्हिंग शिकायला, हे त्या दिवशी कळलं. साडू सवयीने गाडीभोवती फिरले. पाटे बसलेले, सायलेन्सर तारेने बांधलेला, हौद्याचा पत्रा ढोलासारखा वाजणारा. त्यांनी थाप मारायला हात उचलला, तोवर आक्काने गाडी मागे घेऊन बांधाला लावली होती, फळी टाकली होती आणि गोणपाट अंथरून ती स्वतः हौद्यात जाऊन उभी राहिली होती. हातात त्याला रोज भरवायची ती भाकरी. "ये रं माझ्या राजा," ती म्हणाली.

गोठ्यातून आणलेला पाखऱ्या फळीशी थांबला. त्याने फळीवर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि चढला. साडूंचा हात तसाच वर राहिला.

"आवं, इतक्या गाड्या दाखवल्या त्याला," आक्का त्याच्या वशिंडावरून हात फिरवत म्हणाली. "पर वर आपलं कुनी हाय, ह्ये कुनी दाखवलं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डिंगोऱ्याला गेलो. आक्का गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी, आणि साडू मागे पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकून. घाटाच्या कडेला पाखऱ्याला उभं केलं, कोणीतरी ओळखून त्याच्या कपाळावर भंडारा लावला. लाउडस्पीकरवर पुकारा सुरू झाला आणि इतका वेळ खाली पडलेले त्याचे कान ताठ उभे राहिले. साडू घाटाकडे बघतच नव्हते. ते त्या कानांकडे बघत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर पाखऱ्यापुढे वैरण टाकता टाकता त्यांनी मला हळूच विचारलं, "पावणं, वझं घिऊन चढाला कशी चालली वो गाडी? मी मागं व्हतो, माझं ध्यान नव्हतं."

वाटेतल्या चढावर ती गाडी म्हाताऱ्यासारखी धापा टाकत होती. सायलेन्सरचा आवाज पार शिवारापर्यंत जात होता. मी मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा साडूंनी पाखऱ्याच्या मानेवर गाल टेकला होता आणि डोळे मिटले होते. नुसत्या आवाजावरून ड्रायव्हर उपाशी आहे हे ओळखणाऱ्या माणसाला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

"झकास चालली," मी म्हणालो.

"मग चांगली हाय गाडी," साडू म्हणाले, आणि पाखऱ्याच्या अंगावरचा भंडारा हलक्या हाताने झटकू लागले.