जातो म्हणू नये

आमच्या लोकल केबल चॅनलवर विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा आम्ही एकाच कॅमेऱ्यानं तुकड्यातुकड्यांत शूटिंग करायचो आणि मागाहून टेपवरचं हसू चिकटवायचो. ते हसू ऐकून माझं डोकं उठायचं. मग येमेनहून शिकायला आलेला एक जण आमच्यात आला. कॉलेज संपलं तरी तो आमच्या गावातल्या छावणी भागातच राहिला होता, लग्नांत गायचा, इथली दखनी हिंदी झकास बोलायचा, मराठी कामापुरतं. त्यानं फर्मानच काढलं: हॉलमध्ये माणसं बसवा, तीन कॅमेरे लावा, नाटकासारखं सलग करा. चॅनलचा मालक कुरकुरला. पण पहिल्याच भागाला हॉल असा हसला की त्याचं तोंड बंद झालं.

मालिकेत मी घरमालकीण, तो भाडेकरू. आपल्याकडं निघताना ‘येतो’ म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तालमीत दाराशी जाऊन तो सरळ म्हणाला, ‘जातो.’ मी खेकसले, ‘आरं, जातो काय म्हन्तोस? येतो म्हन, येतो!’ सगळे हसले आणि त्यानं ती चूक तशीच ठेवून दिली. दर भागाचा शेवट तोच. पुढं पुढं माझ्याआधी हॉलच ओरडायला लागला.

पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका आजींनी मात्र मला बाजूला घेतलं. ‘हसू येतं, व्हय. पर दर आठवड्याला असं अभद्र कशाला बोलून घेतीस त्याच्याकडून?’ मी हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकली.

थोड्याच दिवसांत त्याच्या देशात लढाई पेटली. तोंडाला रंग लावतानाही तो आईला फोन लावत बसायचा. मग इथल्या व्हिसाची मुदत काही वाढली नाही. त्याला परत जावं लागणार होतं, आणि तिथं तो जगेल की नाही, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

शेवटच्या शूटिंगला तो दाराशी पोचला. ‘जातो.’ हॉल ओरडला, हसला. ठरल्याप्रमाणं त्यानं मान हलवून निघून जायचं होतं. मी त्याची बाही धरली.

‘येतो म्हन.’

लोक पुन्हा हसले.

‘म्हन की रं,’ मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

त्यानं हळूच बाही सोडवून घेतली. ‘बाई, झूट कायकू बोलू?’

हॉल इतका कधीच हसला नव्हता. माणसं मांडीवर थापा मारत होती, आणि त्या प्रत्येकाचा मला संताप आला होता. तो दारातून गेला. गेल्यापासून त्याचा फोन लागत नाही.