कँटीनमधला इतिहासाचा पेपर

मुरबाडच्या एका कॉलेजच्या कँटीनमध्ये मी कामाला आहे. माझं गाव परभणीकडं. नवऱ्याच्या कामापायी इतक्या लांब आले. आठवीत शाळा सुटली, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. गेल्या वर्षी मात्र त्याचीच गरज पडली.

डोळखांबची एक मुलगी रोज माझ्याकडं चहाला यायची. तिला दिसत नाही. बीएचा शेवटचा पेपर, आणि तिचा लेखनिक ऐन सकाळी तापानं आडवा. ती सांगेल ते लिहिणारं माणूस तिच्यापेक्षा कमी शिकलेलं हवं, असा नियम. कॉलेजात तसं कोण सापडणार?

"मावशी, तूच ये गो. आज पेपर नाय दिला तर वर्ष गेलं माझं."

कणकेचे हात धुतले नि हॉलमध्ये बसले. एक अक्षर चुकलं तर पोरीचं वर्ष जायचं. तिनं हळूच पहिलं वाक्य सांगितलं. आता कँटीनमध्ये गिऱ्हाईक जे मागेल ते मी आत ओरडून सांगते, म्हणजे चूक होत नाही. तसंच केलं.

"रयतवारीत इंग्रज शेतसारा थेट शेतकऱ्याकडून घेत!"

सगळ्या हॉलची पेनं पळायला लागली. मागून आवाज आला, "मावशी, परत एकदा!"

पेपरवर देखरेख करणारे सर धावत आले. "अहो बाई, मनात म्हणा!"

पण तोंड मिटलं की माझा हातच थांबायचा. वेगळी खोली हवी होती. दिव्यांग कक्ष उघडला, तर आत नव्या व्हीलचेअर छतापर्यंत रचलेल्या. माणूस शिरायला जागा नाही. शेवटी आम्हाला कँटीनमध्येच बसवलं. सर स्वतः दारात उभे.

"उसळपाव बंद! इतिहास चालू आहे!"

"सर, एक चहा तरी?" बाहेरून कुणीतरी म्हणालं.

"एक चहा!" मी ओरडले, नि सवयीनं लिहूनही टाकलं.

"मावशी, खोड ते," पोरगी हसत म्हणाली. "इंग्रजांनी चहा नाय मागितला अजून."

तेवढ्यात दूध वर आलं. मी उठणार, तोच सर ओरडले, "बसा! लेखनिकानं उठायचं नाही!" आणि स्वतःच गॅसकडं धावले. हात पोळला, पण दूध वाचलं.

नियमाप्रमाणं मिळालेला जादा वेळही संपत आला, तेव्हा तिनं शेवटचं वाक्य सांगितलं.

"झाला पेपर. पूर्णविराम दे."

"पूर्णविराम!" मी सगळा जीव एकवटून ओरडले.

बाहेर टाळ्या पडल्या. सरांनी पोळलेल्या हातानं दार उघडलं नि बाहेरच्या पोरांना हाक दिली, "या आता. उसळ गार झालीय."