पंचनाम्यात न आलेल्या दोन कळशा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातला कोणता कुठल्या ठाण्यातला हे हल्ली आठवावं लागतं. पण तांब्याच्या दोन कळशा अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. गुन्हा म्हणाल तर किरकोळ, दारूबंदी कायद्याखालचा. कोर्टात दंडावर मिटला. माझ्यापुरता मात्र तो कधी निकाली निघालाच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सीमेलगतच्या एका ठाण्यात फौजदार होतो. नवी वर्दी, नवा पट्टा, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. ठाण्याच्या आडाला पाणी नव्हतं. शिपाई परेडऐवजी सकाळी टँकरच्या रांगेत उभे राहायचे. माणसं प्रवासाला निघताना भाकरीआधी पाणी घेत. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काही ना काही असायचं. कुणाकडे काचेची बाटली, कुणाकडे चरवी, कुणाकडे पत्र्याचा डबा.

बसमध्ये दारू घेऊन चढायला मनाई होती. सीमेपलीकडच्या ठेक्यावर ती उघड मिळायची, इकडे परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा. दारू दिसायला पाण्यासारखीच. त्यामुळे सीमेपलीकडून येणाऱ्या दुपारच्या गाडीचा कंडक्टर प्रत्येकाच्या बाटलीचं बूच काढायला लावायचा आणि हुंगायचा. वास आला की खाली ओतायला लावायचा, नाहीतर माणसाला उतरवायचा. पिणाऱ्यांनी त्यावर तोड काढली होती. ते स्टँडवरच बाटली रिकामी करून मग गाडीत चढत. पोटातली हुंगायचा नियम नाही, असं वर त्यालाच ऐकवत.

हा कंडक्टर बौद्ध घरातला. तिशीचा असेल. घराण्यात पगाराची नोकरी मिळवणारा तो पहिलाच. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात दारूचा थेंब आला नव्हता. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं असं नाही.

खबर घेऊन आली एक बाई. सास्तूरकडच्या रस्त्यावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं, तिथं ती खडी फोडायची. ठाण्याच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "साहेब, कामावर दारू येती. दुपारची गाडी गेली की सांजंला समदे गडी झिंगलेले असतेत. कोण आणतंय ठावं न्हाय. पर त्याच गाडीनं येती."

नाव सांगायला ती तयार नव्हती. तिच्या नवऱ्याला आधीच दोनदा मुकादमानं कामावरून हाकललं होतं, तिसऱ्यांदा हाकललं तर कामाचं कार्डच जाणार होतं. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच बोलावले आणि जमादाराला घेऊन नाक्यावर जाऊन बसलो.

गाडी आली. सगळ्यांना खाली उतरवलं. माझ्या शिपायांनी बोचकी सोडली, टपावरच्या पाट्या उलट्या केल्या, बाटल्या हुंगल्या. एका म्हाताऱ्याच्या काढ्याची बाटलीसुद्धा सोडली नाही. मिळालं काहीच नाही.

गाडीत पुढच्या बाकावर तात्या तेवढे बसून होते, त्यांना कुणी उतरवलं नव्हतं. सगळे त्यांना तात्याच म्हणत. गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, कपाळाला गंध, अंगावर स्वच्छ धोतर-बंडी. एक दिवसाआड ते सीमेपलीकडे लेकीच्या सासरी जात आणि तिथल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी दोन कळशांत भरून आणत. देवपूजेला आणि प्यायला सोवळ्याचंच पाणी लागायचं त्यांना. कळशांच्या तोंडावर झाकणं, ती कणकेनं लिंपलेली, वर ओलं फडकं, फडक्याला कापराचा वास. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला. जमादार कळशांना वळसा घालून मागच्या बाकाकडे गेला. मीही गेलो.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आमच्या घरी आईचं सोवळं कडक होतं. भरलेली कळशी दिसली की हात आपोआप मागे घ्यायचा, हे मी चालायला लागल्यापासून शिकलो होतो. त्यात दुष्काळ. आपला हात लागला आणि तात्यांनी पाणी टाकून दिलं तर ते पाप कुणी घ्यायचं?

पंचनाम्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'गाडीतील सर्व सामान तपासले. आक्षेपार्ह काही मिळून आले नाही.' पंचांनी खाली सह्या केल्या.

आणि त्याच संध्याकाळी तलावाच्या कामावर पुन्हा दारू वाटली गेली. आम्ही पोचलो तेव्हा भांडी रिकामी होती आणि गडी आडवे झाले होते.

मला ते तोंडात मारल्यासारखं झालं. रात्रभर विचार केला आणि एक हुशारीचा निष्कर्ष काढला. गाडीतलं सगळं तपासलं, तरी माल पोचतो. म्हणजे तो नाका यायच्या आधीच वाटेत उतरतो. गाडी कुठं थांबवायची हे कोण ठरवतो? घंटीची दोरी ज्याच्या हातात आहे तो. कंडक्टरच सामील आहे, म्हणूनच तो हुंगायचं एवढं नाटक करतो.

दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्यात आणला. वर्दीवरच आला होता. तिकिटांची पेटी मांडीवर धरून बाकावर बसला. ती खाली ठेव म्हटलं तरी ठेवेना, सरकारी आहे म्हणाला. मी त्याला गाडी कुठं कुठं थांबवतोस ते विचारलं. ठरलेल्या थांब्यांशिवाय कुठंच नाही, म्हणाला. बाटल्या कोण आणतं ते विचारलं. मी हुंगतो त्यात नसती, म्हणाला. तीन तास हेच चाललं. आवाज चढवून झाला, समजावून झालं, नोकरी जाईल म्हणून भीती घालून झाली. शेवटी मी टेबलावर पंचनामा आपटला. सगळं सामान तपासलंय आम्ही, म्हटलं, मग दारू काय आभाळातून पडते?

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. जमादाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब, तुम्ही तपासलं का समदं?"

मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याच्या थोबाडीत दिली.

पेटी त्याच्या मांडीवरून पडली. तिकिटांचे गठ्ठे फरशीवर पसरले. तो खाली बसून एकेक गठ्ठा गोळा करत राहिला. आज वाटतं, तीन तासांच्या त्या चौकशीत कामाचा प्रश्न एकच विचारला गेला आणि तो त्यानं विचारला होता.

अटक करण्याइतका पुरावा नव्हता. मी डेपोला अहवाल पाठवला, कंडक्टरचं वर्तन संशयास्पद. सोबत पंचनाम्याची नक्कल जोडली. आठवड्यात तो निलंबित झाला.

त्याच्या जागी दुसरा कंडक्टर आला. दारू येतच राहिली.

आता कुठंतरी पाणी मुरतंय हे मलाही कळलं. एका दुपारी साध्या कपड्यांत, जमादाराला घेऊन, मी सीमेपलीकडून त्या गाडीत बसलो. तात्या पुढच्या बाकावर होतेच, पायांशी कळशा. त्यांनी मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. पावसापाण्याच्या गप्पा झाल्या.

अर्ध्या वाटेत इंजिन तापलं. आजूबाजूला झाड नाही, विहीर नाही. ड्रायव्हरनं पाणी मागितलं, तशी ज्याच्याजवळ जे होतं ते लोकांनी दिलं. बाटल्या, चरव्या, सगळं रेडिएटरमध्ये गेलं. तात्यांना कुणी विचारलं नाही. देवाचं पाणी इंजिनात कोण घालणार? गाडी थंड होईपर्यंत सगळे उन्हात बसून राहिले, आणि त्यात खडी फोडायला निघालेली एक बाई चक्कर येऊन पडली. दिवस गेलेले होते तिला. तिच्या सासूनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणाकडे घोटभर उरलं नव्हतं. मग ती तात्यांपुढे जाऊन लांबच उभी राहिली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"तात्या, वरून दोन घोट सोडा. पोर जाईल माझी."

तात्या म्हणाले, "देवाचं हाय बाई ते."

मी चमकलो. सोवळं मला शिकवायची गरज नव्हती, माझा जन्म त्यात गेला. माझी आई कुणाच्या हातचं पाणी प्यायची नाही, पण दारात आलेल्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला तिनं कधी ना म्हटलं नाही. त्यानं सोवळं मोडत नाही, उलट पुण्य लागतं. हे तात्यांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. मग हा माणूस नाही का म्हणतो?

मी कळशीकडे हात नेला. खरं सांगतो, इतकं कळूनही तो हात वाटेत थांबला. तात्यांनी ते पाहिलं आणि ते हसले. त्या हसण्यानंच मी झाकण उचकटलं.

कापराच्या वासाखालून दारूचा भपकारा आला. ड्रायव्हरला दूरवर एक बैलगाडी दिसली, तिच्यातल्या घागरीचं पाणी आणून त्या बाईला पाजलं. ती वाचली. दोन्ही कळशा जप्त केल्या, नमुना सीलबंद केला, तात्यांना ताब्यात घेतलं. मुकादम त्यांचा भाचा निघाला. त्याच्या झोपडीत ती कडक दारू पाणी घालून वाढवली जायची.

पंचनामा उरकल्यावर ड्रायव्हर माझ्याजवळ आला. जुना माणूस होता. खाली मान घालून त्यानं सांगितलं की उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा त्या निलंबित झालेल्या कंडक्टरनं तात्यांच्या कळशीचं फडकं वर केलं होतं, हुंगायला. तात्या रागावले नाहीत, ओरडले नाहीत. भर स्टँडवर उतरले आणि सगळ्यांदेखत दोन्ही कळशा मातीत उपड्या केल्या. त्या दिवशी त्यात खरंच पाणी होतं. प्यायला थेंब नसताना दोन कळशा पाणी मातीत गेलं, आणि लोक तात्यांवर नाही, कंडक्टरवर तुटून पडले. बायकांनी त्याला शिव्या दिल्या. एकानं दगड उचलला. त्यानंतर त्यानं त्या कळशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग ठाण्यात का नाही बोलला?" मी विचारलं.

ड्रायव्हर म्हणाला, "कुणापुढं बोलावं, साहेब? तुम्ही बी तर नमस्कार करून म्होरं गेलता."

मी डेपोला नवं पत्र तयार केलं, 'सदर कंडक्टरविरुद्ध पुरावा आढळून आला नाही.' टपालानं धाडण्याआधी एक प्रत घेऊन स्वतः त्याच्या घरी गेलो. माफी मागायची होती. गावाबाहेरची वस्ती, सारवलेलं अंगण, दारात त्याची म्हातारी आई. जीप पाहून गल्ली गोळा झाली. मी त्याला म्हटलं, चूक माझी झाली, हात उचलायला नको होता. या वेळी त्याला अहो-जाहो केलं.

त्यानं पत्र दोनदा वाचलं.

"साहेब, यात एक वळ घाला. दोन कळशा तपासल्या नव्हत्या, एवढीच. न्हाय तर डेपोवाले म्हणतील पुरावा मिळाला न्हाय, म्हंजे यानं लपवला आसंल."

बरोबर बोलत होता. पण ती ओळ लिहिणं म्हणजे माझा पहिला पंचनामा खोटा होता असं सही करून देणं. नव्या नोकरीतल्या फौजदारानं. मी म्हटलं, बघतो.

त्याची आई आतून तांब्या-पेला घेऊन आली होती. तिच्या हातातून तो त्यानं घेतला, पण माझ्यापुढे केला नाही. तसाच धरून उभा राहिला.

"आमच्या घरचं पानी चालतंय का तुम्हाला?"

सकाळपासून मी पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मागे जमादार उभा होता, समोर गल्ली.

मी म्हणालो, "आत्ताच पिऊन आलोय."

त्यानं मान हलवली. हे उत्तर त्यानं आयुष्यात कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. तांब्या आईकडे परत दिला. वस्ती मागे पडल्यावर मी जीप थांबवायला लावली आणि बाजूला लटकवलेल्या कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी घटाघटा प्यालो. जमादार दुसरीकडे पाहत राहिला.

पत्र आहे तसंच गेलं. त्याला कामावर घेतलं, पण 'संशयाचा फायदा देऊन', आणि घरापासून लांबच्या डेपोत. सेवापुस्तकातला तो शेरा त्याच्या निवृत्तीपर्यंत पुसला गेला नसणार. मला बढती वेळेवर मिळाली.

पुढे प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना मी सांगायचो, पंचनाम्यात 'सर्व' हा शब्द लिहिण्याआधी आपला हात कशाला वळसा घालून गेला ते आठवा. पोरं वहीत उतरवून घ्यायची. त्यामागची हकीकत मी त्यांना कधी सांगितली नाही. लाज वाटायची.

तो कंडक्टर आज हयात असेल की नाही, मला ठाऊक नाही. चौकशी करायचं धैर्य झालं नाही. त्यानं मागितलेली ओळ तेवढी इथं लिहून ठेवतो. त्या दिवशी गाडीतल्या दोन कळशा तपासल्या नव्हत्या. मी तपासल्या नव्हत्या.